आवडीच्या रकान्यात निरंक

रविवार, २० मे २००७. ठिकाण जाम, तालुका समुद्रपूर; हमरस्त्याच्या चौफुलीपासून साठेक पावलांवर टिनाच्या छपराचं एक हॉटेल. वेळ दुपारी सव्वाबारा ते दोन. हजर माणसं तीन: मी, माझी पत्नी नलिनी आणि माझी थोरली बहीण, जिला सगळे आक्का म्हणतात. बिल झालं दोनशे नव्वद रुपये. ते बिल बरोबर नव्हतं.

हे आज आठवायचं कारण गच्चीवर वाळतं आहे. मे महिना लागला की आमच्या नाचणगावच्या घराची गच्ची पांढरी होते. खाटा उन्हात येतात, त्यांवर धुतलेली धोतरं अंथरली जातात आणि बांबूंवर शेवयांच्या लडी लोंबायला लागतात. सकाळी दहाला त्या ओलसर पिवळ्या असतात; एकच्या सुमाराला हात लागला तर काडीसारख्या वाजतात. खाली अंगणात पितळी साचा पाटाला आवळलेला असतो आणि दांडा माझ्या हातात. हे काम माझ्याकडे लग्नापासून आहे, कारण माझा हात एका वेगानं फिरतो, मध्ये थांबत नाही. लड झेलायचं काम नलिनीचं. पीठ तिंबायचं काम मात्र आक्काशिवाय कोणी करायचं नाही. ती त्यासाठी देवळीहून येते आणि पापडांसाठी स्वतःचा पापडखार पुडीत बांधून आणते. आमच्या गावच्या दुकानातल्या खारावर तिचा विश्वास नाही.

दरवर्षी आठ किलो गहू भिजतो. यंदा नलिनीनं बारा किलो भिजवला. वरचे चार किलो कशाला, हे मी विचारलं नाही. दांडा फिरवत राहिलो.

दोन वर्षांपूर्वीचा उन्हाळा असा निवांत नव्हता. त्या वर्षी शेवया झाल्या, पण अंगणात कोणी कोणाशी बोलत नव्हतं. आमची मुलगी मनीषा तेव्हा चोवीस वर्षांची, पुण्यात एका कंपनीत हिशेबाच्या खात्यात. दर रविवारी संध्याकाळी सातला तिचा फोन यायचा. एप्रिलमधल्या एका रविवारी तो पावणेसातलाच आला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

“बाबा, एक मुलगा हाय. अमोल नाव. हिंगणीचा.”

“काय करते?”

“जेवण बनवते. जपानी शेवया. रामेन म्हणते त्याले. पुण्यात जपानी साहेबांच्या हॉटेलात सहा वर्षं शिकला. आता जामले स्वतःचं टाकलं त्यानं.”

“जामले जपानी शेवया कोण खाते?”

“खाते ना बाबा. ट्रकवाले खाते, कंपनीतले लोक खाते.”

मी शिक्षण विचारलं. डिप्लोमा, दोन वर्षं, मग सोडला. जात विचारली. ती म्हणाली, “आपल्या जातीचा नाई तो.”

मी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला मधोमध रेघ मारली होती. डावीकडे जमेच्या बाबी, उजवीकडे उणे. उजवी बाजू भरली. डावीकडे मी फक्त ‘हिंगणी, आपलाच जिल्हा’ एवढंच लिहू शकलो.

“एकदा भेटा त्याले,” ती म्हणाली. “भेटल्यावर नाई म्हणसान तर मी त्याले नाई सांगीन. पळून-बिळून जाणार नाई मी. पण मंग माह्यासाठी दुसरीकडं पाहू नका. तेवढं लिहून ठेवा.”

ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. तिनं अट घातली, आणि अट माझ्याच भाषेत घातली.

इकडे आर्वीचं स्थळ जवळजवळ ठरलं होतं. मुलगा शाळेत कायम नोकरीला, आमच्याच समाजातला, घर स्वतःचं. त्यांना सोमवारी, एकवीस मेला, होकार कळवायचा होता. एक ओळखीचा माणूस त्या दिवशी आर्वीला जाणार होता. त्याच्या हाती द्यायची चिठ्ठी मी शनिवारीच लिहून तयार ठेवली. चार ओळींची. मग रविवारी सकाळी ती शर्टाच्या खिशात घालून मी जामला निघालो. भेटा म्हटलं होतं, भेटून येऊ. कोणी उद्या म्हणायला नको की न पाहताच नाही म्हटलं. माझ्या मनात त्या दिवशी इतकंच होतं, आणि ते इथे लिहिलेलं बरं.

मनीषाला कळवलं नाही. मुलाला तर नाहीच. गिऱ्हाईक म्हणून जायचं, नाव सांगायचं नाही, हे मी दोघींना बजावलं.

“चोरावानी काऊन जाचं?” आक्का म्हणाली.

“चोरावानी नाई. तपासणीले जातात तसं.”

“मंग तं चोरच बरे.”

नलिनीनं पेटीतलं मोरपंखी लुगडं काढलं, पुन्हा ठेवून दिलं, आणि रोजचंच नेसली.

दोन बस बदलाव्या लागल्या. वर्ध्यापर्यंत खिडकीतून गरम वारा तोंडावर येत होता, पुढे तोही राहिला नाही. उन्हाळ्यातलं आमच्याकडचं शेत म्हणजे नांगरून उघडी टाकलेली काळी माती आणि कडेला पऱ्हाटीचे ढीग. ती रिकामी वावरं पाहत मी मनात पिकं मोजत होतो. मी बाजार समितीत हिशेबनीस. नव्वद सालानंतर आमच्या यार्डात सोयाबीन यायला लागलं; आधी दहा-वीस पोती, मग गाड्या, मग रांगा. लोकांनी ज्वारी कमी केली आणि सोयाबीन पेरलं. पंधरा वर्षांहून जास्त मी त्याची आवक लिहिली, ओलावा लिहिला, भाव लिहिला. ते पिकवणाऱ्यानं ते खाल्लेलं मी पाहिलं नव्हतं आणि मीही तोंडात एक दाणा टाकला नव्हता. चव लिहायचा रकाना रजिस्टरात नाही.

त्या बसमध्ये मला आणखी एक रकाना आठवला. १९९३ साल, मनीषाचा पाचवीचा प्रवेश. शाळेनं चार पानी फॉर्म दिला होता. मी जेवण झाल्यावर चटईवर बसून, शाईच्या पेनानं, एकही खाडाखोड न करता तो भरला. आमच्या कचेरीत एक शिस्त आहे: रकाना रिकामा सोडायचा नाही. माहिती नसेल तिथे ‘निरंक’ लिहायचं, म्हणजे मागाहून कोणी काही घुसडू शकत नाही. तिसऱ्या पानावर ‘पाल्याची आवड व छंद’ असा रकाना होता. मी निरंक लिहिलं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारात तिनं तो फॉर्म वाचला. “बाबा, मले चित्र काढाले आवडते ना. मले सायकल आवडते. मले किती आवडते.” मी म्हणालो, शाईनं लिहिलं आहे, आता खोडता येत नाही. चौदा वर्षं मला ही गोष्ट आठवलीही नव्हती. त्या दिवशी हिंगणघाटच्या अलीकडे ती आली ती उतरायला तयारच होईना.

हॉटेल शोधावं लागलं नाही. चौफुलीवर ढाबे, पंक्चरची दुकानं, रसवंती. त्यांच्या ओळीत एका दारावर निळ्या कापडाच्या चार पट्ट्या लोंबत होत्या. डोकं लववून आत जावं लागायचं. आत आठ खुर्च्या, एकच लांब फळी, फळीपलीकडे उघडं स्वयंपाकघर आणि कोपऱ्यात वाळ्याचा वास सोडणारा कुलर. बाहेर पंचेचाळीस अंशांचं ऊन आणि आत तीन भगुण्यांत रस्सा उकळत होता.

फळीपलीकडचा मुलगा सत्ताविसेक वर्षांचा असावा. बारीक, डोक्याला घट्ट बांधलेला दुपट्टा, उजव्या हाताच्या कोपराखाली भाजल्याचा जुना डाग. तो एकटाच होता. दोन ट्रकवाले खाऊन उठत होते. त्यातला एक म्हणाला, “भैया, परसों फिर आऊँगा, लहसुन ज़्यादा.” मुलगा म्हणाला, “याद है, पाजी.”

“या काका, बसा,” तो आम्हाला म्हणाला. पाण्याचे तीन पेले ठेवले आणि प्रत्येकापुढे एक पर्ची ठेवली. पर्चीला दोऱ्यानं पेन्सिल बांधलेली.

ती पर्ची अजून माझ्याकडे आहे. मराठीत टाईप करून झेरॉक्स काढलेली. वर लिहिलं होतं: ‘तुमच्या आवडीनं’. खाली रकाने. शेवया: कडक, मध्यम, मऊ. रस्सा: सोयाबीनचा, साधा मिठाचा, कोंबडीचा. तिखट: शून्य ते पाच. लसूण: हो, नाही. वरून काय हवं: पालक, मका, कोबी, अळिंबी, सोयाबीनचं पनीर, तिखट तेल, अंडं. वाडग्याला ऐंशी रुपये, वरच्या प्रत्येक जिनसाला दहा.

“कोंबडीचं भांडं वेगळं आहे का?” मी विचारलं. आमच्या घरी अंडंही येत नाही.

“इकडं या ना काका, पाहून घ्या.” त्यानं फळीची झडप उचलली. दोन शेगड्या, दोन्हींमध्ये हातभर अंतर. एका बाजूच्या सगळ्या पळ्यांना हिरवी चिंधी, दुसऱ्या बाजूला लाल. “सोयाबीनच्या भगुण्यात लाल पळी गेली तं अख्खं भगुणं फेकतो. दोन खेपा फेकलं हाय.”

मी परत येऊन बसलो. डावीकडच्या रकान्यात एक बाब जमा झाली, ती मला आवडली नाही.

आक्कानं तोवर पेन्सिल हातात घेतली होती. तिला अक्षरं वाचायला वेळ लागतो, पण तिनं सगळ्या जिनसांची नावं मोठ्यानं वाचली. “पालक हाव. मका हाव. कोबी, आणा. हे अळिंबी काय, छत्र्या का? आणा. पनीर आणा. तेल नको, मले ठसका लागते. अंडं...” तिनं माझ्याकडे पाहिलं. “अंडं राहू दे, याचं तोंड पहा कसं झालं.” पाच खुणा.

“अवो, माही तुमीच भरा,” नलिनी म्हणाली आणि पर्ची माझ्याकडे सरकवली.

मी आधी तिची घेतली. शेवया: कडक की मऊ? मी थांबलो. आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. रोज दोन वेळा, एवढी जेवणं. आणि ही बाई कशी शेवई खाते मला माहीत नव्हतं. तिखट शून्य ते पाच? आमच्या घरी भाजी फिकी असते, कारण माझ्या पोटाला तिखट सोसत नाही. म्हणजे तो माझा आकडा होता. तिचा कोणता? तिला विचारायला एक क्षण पुरला असता, ती शेजारीच होती. पण विचारलं असतं तर माहीत नाही हे उघड झालं असतं. माझ्या हाताला एकच सवय होती. मी पहिल्या रकान्यात निरंक लिहिलं, मग दुसऱ्यात, मग शेवटपर्यंत. माझी पर्ची घेतली. तिच्यावरही तेच. इथे काही आवडून घ्यायला आपण आलेलो नाही, असंही मनाला सांगितलं.

मुलानं पर्च्या उचलल्या. आक्काची वाचली, हसला. नलिनीची वाचली. माझी वाचली. मग पुन्हा नलिनीची. त्याचा चेहरा उतरला की उजळला, मला ठरवता आलं नाही. त्यानं आमच्याकडे मुद्दाम पाहिलं नाही एवढं खरं. दुपट्टा सोडून त्यानं पुन्हा घट्ट बांधला.

“काका,” तो हळू म्हणाला, “निरंकचा वाडगा नाई बनत. एखादं तरी सांगा.”

“आमच्याकडे पुढं वाढलं ते खातात. कोणी विचारत नाही.”

त्यानं पर्च्या बाजूला ठेवल्या. “मंग मी वाढू?”

“वाढ.”

पुढची बारा मिनिटं मला अजून सविस्तर आठवतात. त्यानं पिठाच्या डब्यातून शेवयांच्या गुंड्या काढल्या, सुट्या केल्या, तारेच्या खोल चाळणीत घालून उकळत्या पाण्यात सोडल्या. त्याचे ओठ हलत होते. तो मोजत होता. मीही मोजायला लागलो. पहिली चाळणी त्यानं नव्वदला काढली, दुसरी एकशे वीसला, तिसरी एकशे ऐंशीला. तिसरी काढल्यावर तीनदा झटकली, पाण्याचे थेंब शेगडीवर पडून चर्र वाजले. त्याची मान खाली होती, पण मानेवरची शीर मला दिसत होती. परीक्षेला बसलेल्या मुलाची दिसते तशी. आणि मला वाटलं, पेपर माझ्या हातात आहे, तर घाम माझ्या तळव्यांना का?

खिशातली चिठ्ठी दुमडीवर ओली झाली होती.

आक्का त्याच वेळी पुढ्यातल्या लाकडी काड्या निरखत होती. “ह्या काड्या कायले रे? सरगुंडे वळाले का?” आमच्याकडे गव्हाच्या पिठाची बारीक वळी काडीवर गुंडाळून सरगुंडे करतात, आमरसाबरोबर खातात. मुलगा पहिल्यांदा मोकळा हसला. “माही माय पण हेच म्हणते मावशी. तुम्ही चमच्यानं खा.”

वाडगे आले. आक्काचा भरगच्च, पाच जिनसांचा डोंगर. तिनं चमचा बाजूला ठेवला, दोन बोटांनी एक शेवई उचलली, उजेडात धरली, दाताखाली तोडली. तिंबलेल्या पिठाची पारख करताना ती घरी असंच करते. अंगणात आम्ही सगळे तेव्हा गप्प बसतो.

“पापडखार टाकला का रे याच्यात?”

मुलाच्या हातातली पळी तशीच राहिली. “हाव मावशी! जपानात दुसरा खार असते, इथं भेटत नाई. आठ महिने करून पाह्यलं, मंग पापडखारानं जमलं. आजवर कोणी ओळखलं नाई.”

“ओळखाले काय लागते. पण तुह्यावाला खार जुना हाय. मी देईन तुले.” आणि माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, “पीठ चांगलं मळते पोट्टा. हात चांगला हाय.”

माझ्या वाडग्यात सोयाबीनचा रस्सा होता. तांबूस, गढूळ, वर पालकाची पानं. शेवया मऊ, एकशे ऐंशीच्या. लसणाचा वास नाही. मी पहिला घोट घेतला. खारट, जुन्या लोणच्याच्या खारासारखा जरा आंबूस, आणि मागून काहीतरी भाजलेलं, डाळीसारखं, पण डाळीचं नव्हे. त्याला मला शब्द सापडला नाही. इतकी पोती, इतक्या पावत्या, इतकी वर्षं. आणि ते असं लागतं! मी दुसरा घोट घेतला. पालक मला आवडतो हे मी आयुष्यात कोणाला सांगितल्याचं आठवत नाही. घरी तो केला की मी दुसऱ्यांदा वाढून घेतो, इतकंच. हे पाहणारं घरात कोण होतं?

मग मी नलिनीकडे पाहिलं.

तिचा वाडगा लाल होता. तिखट तेलाचे ठिपके वर तरंगत होते, मक्याचे दाणे, आणि बाजूला लिंबाची अख्खी फोड. शेवया कडक, नव्वदच्या. मी म्हणणार होतो की हे चुकीचं आलं आहे, बदलून घे. तिनं लिंबू पिळलं. एक चमचा घेतला. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला, डोळ्यांत पाणी आलं, आणि ती थांबली नाही. पदरानं कपाळ टिपत, कुलरच्या त्या चार थंड थेंबांत, बाहेर ऊन पेटलेलं असताना तिनं तो वाडगा तळापर्यंत संपवला. शेवटी दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावला. माहेरी तिच्या घरी मिरचीचा ठेचा रोज असायचा, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी त्याचं पुढे काही केलं नव्हतं.

“तिखट झालं का काकू?” मुलानं विचारलं.

“नाई,” ती म्हणाली. आवाज घोगरा. “बरोबर झालं.”

मी चमचा खाली ठेवला. आता विचारल्याशिवाय राहता येणार नव्हतं.

“हिला तिखट लागतं हे तुला कोणी सांगितलं?”

त्यानं फळी पुसायचं फडकं दोन्ही हातांत धरलं. “पर्चीवर निरंक पाह्यलं, तवाच ओळखलं काका. मनीषा सांगते ना. पाचवीच्या फॉर्मवाली गोष्ट.”

“आणि बोलला काऊन नाई?” हे आक्का म्हणाली.

“तुम्ही नाव सांगितलं नाई. सांगाचं नसन, असं वाटलं.” मग माझ्याकडे पाहून, “तिनं तुमच्या तिघांच्या आवडीनिवडी सांगितल्या होत्या. एकदा नाई, लय खेपा. मी लिहून नाई ठेवल्या. ध्यानात राह्यल्या.”

मला राग यायला हवा होता. आमच्या घरातली फॉर्मची गोष्ट एका परक्या मुलाला जामच्या रस्त्यावर माहीत होती. राग आलाही, पण तो कोणावर धरायचा ते ठरेना. तिनं चौदा वर्षं ती जपून ठेवली होती. ज्या मुलाला तिनं ती सांगितली, त्यानं ती ऐकून माझ्यापुढे पालक ठेवला होता.

“बिल आण,” मी म्हणालो.

इथे एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. आमचे वडील आक्काच्या सासरी देवळीला जायचे तेव्हा पाण्याची बाटली घरून न्यायचे. मुलीच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. नव्वद-ब्याण्णवपर्यंत, अंगात होतं तोवर, त्यांनी ती पाळली. व्याह्यांनी फारच आग्रह केला तर कपभर चहा घ्यायचे आणि निघताना त्याचे पैसे आक्काच्या मुलाच्या हातावर ठेवायचे. फुकट काही नको. आणि देताना कधी पाच नाही, दहा नाही. सहा किंवा अकरा. पूर्ण आकडा देऊन मोकळं होऊ नये, वर एक ठेवावा, म्हणजे येणं-जाणं राहतं, असं ते सांगायचे. मला तो वरचा एक कधी पटला नाही. लग्नाच्या आहेरातही मी शंभरची नोट देतो, शंभर म्हणजे शंभर.

म्हणून बिलाची वाट पाहताना माझं लक्ष त्याच्या हाताकडे होतं. ‘राहू द्या काका’ म्हणाला असता तर मी उठलो असतो, आणि चिठ्ठी सोमवारी आर्वीला गेली असती. पोरगी मागणारा माणूस एका जेवणावर मला विकत घेतो की काय, एवढं म्हणायला मला जागा मिळाली असती. मी त्या जागेची वाट पाहत होतो.

त्यानं बिल पुढं ठेवलं. एकशे तीस, ऐंशी, ऐंशी. एकूण दोनशे नव्वद.

मी तपासलं. सवयच आहे. “हे चुकलं. माझ्या वाडग्यात पालक होता, दहा. हिच्यात मका दहा, तेल दहा. तीस रुपये राहिले.”

“नाई काका. पर्चीवर निरंक हाय. लिहिलं नाई त्याचे पैसे मी लावत नाई.”

“पण आम्ही खाल्लं.”

“ते मी वाढलं.”

नलिनी फळीकडे पाहत होती. रिकाम्या वाडग्यावर तिच्या दोन्ही हातांची बोटं तशीच होती. आक्का माझ्या कानाशी आली आणि अगदी हळू म्हणाली, “वसंता, त्यानं हातानं वाढलं हाय. आता तू पाह्य.”

मी पाकीट काढलं. शंभराच्या तीन नोटा, दहाच्या दोन. तीनशे वीस. माझा हिशेब तिथे पुरा होत होता. पालक, मका, तेल सगळं चुकतं, कोणाचं कोणाकडे काही नाही, चिठ्ठी खिशात. मी नोटा त्याच्यापुढे धरल्या आणि त्यानं हात पुढं केला नाही. तो नलिनीकडे पाहत होता. मीही पाहिलं. ती माझ्याकडे पाहत होती. सव्वीस वर्षांत तिनं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मीच रकाना बंद ठेवला होता.

मी शर्टाच्या खिशात बोटं घातली. चिठ्ठीच्या मागे, तळाशी, बसमध्ये सुटे म्हणून परत आलेलं एक नाणं होतं. ते मी नोटांवर ठेवलं आणि सगळं मिळून त्याचा हात धरून हातात दिलं.

त्यानं मोजलं. त्यालाही सवय असावी. “काका, एक रुपया जास्त आला.”

“मोजूनच दिला,” मी म्हणालो.

आक्कानं पदर तोंडाला लावला. सोमवारी आर्वीला चिठ्ठी गेली नाही. एकूण दिले तीनशे एकवीस रुपये, अमोलच्या हातात.